ब्रियोनेवर एका चाकाची खुर्ची

माझ्या सासूबाईंनी इटलीतल्या तलावाकाठच्या आमच्या अर्ध्या रीव्हा गावाला पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरायच्या, मूल रडायला लागलं की म्हणायच्या, "रड, पण पाय मारत रड." आमच्या चर्चचे पाद्री, दातांचे डॉक्टर, बंदरावरचा आइस्क्रीमवाला, सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. अजूनही त्या रस्त्यात दिसल्या की ही मोठी मोठी माणसं पोट आत घेतात.

त्यांचं नाव निवेस. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, वाचाही गेली. वाचा पुढच्या वसंतात परत आली आणि आली ती पूर्वीपेक्षा धारदार होऊन. हातही थोडाफार वळायला लागला. पाय मात्र हट्टाला पेटला होता. घरात काठी आणि भिंत धरून त्या फिरायच्या, बाहेर जायचं तर चाकाची खुर्ची.

आता त्यांच्या दोन मुलांचं सांगते. थोरला इव्हो, म्हणजे माझा नवरा. त्याचा बोटी दुरुस्त करायचा कारखाना आहे. धाकटा रेमो बस चालवतो. ही दोघं लहानपणापासून एकाच बोटीत वाढली. दोघांची शिडाची बोट, इव्हो सुकाणूवर, रेमो शिडाच्या दोरावर. सहा वर्षांपूर्वी तलावावरच्या मोठ्या शर्यतीत शेवटच्या बोयापर्यंत, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेपर्यंत, ते सगळ्यांच्या पुढे होते. बोयाला वळसा घालताना बोट उलटली. बोटी उलटतातच, त्यात काय. पण बक्षिसाच्या जेवणात इव्हो सगळ्यांसमोर म्हणाला, "याच्याऐवजी बटाट्याचं पोतं घेतलं असतं तर जिंकलो असतो." रेमो उठून उभा राहिला. म्हणाला, "बाबांनी मरेपर्यंत तुझ्या हातात सुकाणू दिलं नाही, ते काय उगीच?"

बस्स. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. सासूबाई आजारी पडल्यावरही दोघं आले, रोज आले, पण वेगवेगळ्या वेळी. एक जिना उतरला की दुसरा चढायचा. मध्ये मी. "फिओरेंझा, त्याला सांग, औषधं बदललीत." "फिओरेंझा, त्याला सांग, मला डोळे आहेत."

पूर्वी ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आमचं सगळं घर ब्रियोनेवर जायचं. गावाच्या कडेला, तलावातून नाक वर काढून उभा असलेला हा डोंगर. पश्चिमेकडे सरळ तुटलेला कडा, पूर्वेकडे ऑलिव्हच्या बागा, आणि धारेवर ऑस्ट्रियाच्या राज्यात बांधलेले किल्ले. पाळण्यातल्या मुलापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना झेपेल अशी ती वाट. भांडणानंतर आम्ही दोन घरं वेगवेगळ्या वेळी जायला लागलो आणि आजारपणानंतर तेही बंद पडलं.

या वर्षी मार्चमध्ये सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"मला ब्रियोनेवर जायचंय."

"गाडीने वरच्या बागांपर्यंत नेते की तुम्हाला."

"गाडीने मासे नेतात बाजारात. मला धारेवरून जायचंय, सगळे किल्ले बघत. अपंगांच्या संस्थेकडे एका चाकाची खुर्ची असते. पुढे एक माणूस, मागे एक. मी बोलून ठेवलंय."

"आणि ती दोन माणसं?"

"ती आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या आणि कांदा चिरायला लागल्या. डाव्या हाताने, फार छान.

थोड्याच दिवसांत मला कळलं, की दोन्ही मुलांना त्यांनी वेगवेगळ्या शनिवारी संस्थेत पाठवून ती खुर्ची चालवायला शिकवलं होतं. प्रत्येकाला सांगितलं होतं, की दुसरा माणूस संस्थेचा असेल. मला सांगितलं होतं, तोंड बंद ठेव. मी ठेवलं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सान निकोलोच्या बंदरावर, पहिल्या किल्ल्याच्या भिंतीपाशी आम्ही खुर्ची उतरवली. सासूबाईंच्या पायात जुने डोंगरी बूट होते, नव्या लाल नाड्या लावलेले. माझी विओला, नऊ वर्षांची, आजीच्या मांडीवर पांघरूण घालत होती. तेवढ्यात रेमोची गाडी आली. तो उतरला, मागून त्याचा पाच वर्षांचा तीतो. रेमोने इव्होला पाहिलं. इव्होने रेमोला पाहिलं.

"हा इथे काय करतोय?" दोघंही मलाच म्हणाले, जवळजवळ एकदमच.

"मम्मा," इव्हो म्हणाला, "संस्थेचा माणूस कुठेय?"

"कुठला माणूस?"

"तूच म्हणालीस ना!"

"डोक्यावर परिणाम झालाय ना माझ्या. डॉक्टरांना विचार." त्यांनी चष्मा सारखा केला. "चला. नऊ महिने एकेकाला एकटीने उचललंय मी. तुम्ही दोघं मिळून एक सकाळ उचला."

रेमो गाडीकडे वळला होता. पण तीतो आणि विओला तोवर पायऱ्यांवर पळाले होते आणि वरून आजीला हाका मारत होते, "नोन्ना, चल ना!" रेमोने गाडीचं दार आपटलं, परत आला आणि एक शब्द न बोलता मागचे दांडे धरले. इव्होने पुढचे.

त्या खुर्चीला एकच चाक असतं, बसणाऱ्याच्या बरोबर खाली. पुढचा ओढतो, मागचा तोल सांभाळतो आणि ब्रेक लावतो. पुढच्याने दगड, पायरी, वळण सगळं ओरडून सांगायचं असतं, कारण मागच्याला बसलेल्या माणसाच्या डोक्याशिवाय काही दिसत नाही. हे दोघं न बोलता निघाले. पहिल्याच वळणावर खुर्ची भिंतीला घासली.

"मम्मा, मागच्याला सांग, डावीकडे घे."

"मम्मा, पुढच्याला सांग, आधी सांगायचं असतं."

सासूबाई म्हणाल्या, "मी काय टेलिफोन ऑफिस आहे?" आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "मी झोपले. पडले तर उठवा."

पुढे लाकडी ठोकळ्यांच्या पायऱ्या लागतात, उंच आणि वेड्यावाकड्या. मी खुर्चीला बांधलेला दोर पुढून धरला. चौथ्या की पाचव्या पायरीवर खुर्ची एका अंगाला कलली, सासूबाईंचा लुळा हात बाहेर लोंबला, आणि रेमो ओरडला, "इव्हो, थांब!"

इव्हो थांबला. रेमोने गुडघा टेकून खुर्ची सावरली. सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते, पण गाल हलले, ते मी पाहिलं.

"पायरी," इव्हो पुढे बघत म्हणाला. थोड्या वेळाने, "उंच आहे." मग, "आता सपाट."

"कळलं," मागून आवाज आला.

सहा वर्षांनी झालेलं हे संभाषण. मी हसू दाबत दोर ओढला.

दुसरा किल्ला डोंगराच्या पोटात अर्धा पुरलेला आहे, काँक्रीटचा, कासवाच्या पाठीसारखा. तिथे दम खायला थांबलो. सासूबाईंनी डोळे उघडले. खाली सगळा तलाव पसरला होता. सकाळचा उत्तरेचा वारा अजून पडला नव्हता, पाण्यावर बारीक सुरकुत्या होत्या, आणि समोरच्या उभ्या कड्यांच्या सावल्या अर्ध्या पाण्यावर. मी इथेच जन्मले, रोज बघते, तरी त्या जागी आलं की एकदा श्वास थांबतोच.

"तोफा कुठेत?" तीतोने विचारलं.

"भंगारात गेल्या," आजी म्हणाली. "त्यांचीच पुढे कुणाची तरी कढई झाली असेल."

"कोण कुणाला मारत होतं?"

"पहिल्या महायुद्धात इथून ऑस्ट्रियावाले तिकडे मारायचे. तिकडून इटलीवाले इकडे."

"आपण कुणाच्या बाजूचे होतो?" विओलाने विचारलं.

"तेव्हा राज्य ऑस्ट्रियाचं आणि घरातली भाषा इटालियन. माझ्या आजोबांनी या किल्ल्यांचे दगड वाहिले, मजुरीने. वर तोफा, समोर तोफा, आणि आपण मधल्या वाफ्यात बटाटे लावत होतो. आपण बटाट्यांच्या बाजूचे."

बटाटे म्हटल्यावर दोघांच्या माना एकदम ताठ झाल्या. सासूबाईंनी मुद्दाम म्हटलं की नकळत, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पुढे धारेची वाट सुरू झाली. पश्चिमेला कठडा आणि त्यापलीकडे सरळ खोली, खाली रीव्हाची लाल कौलं. मुलं ओकच्या झुडपांतून पुढे-मागे पळत होती. मधल्या किल्ल्याच्या ओलसर खोल्यांत तोंड घालून तीतोने स्वतःच्या नावाने हाका मारल्या आणि प्रतिध्वनी आला की "हो, आलो" म्हणून उत्तरही दिलं. इव्हो आणि रेमो आता भरभर बोलत होते. कामापुरतंच, पण बोलत होते. "मूळ आहे." "घेतलं." "उजवीकडे उतार." "ब्रेक लावलाय."

मधला किल्ला मागे टाकला आणि थोड्याच अंतरावर फुस्स असा आवाज झाला. खुर्चीचं ते एकुलतं एक चाक बसलं. टायरमध्ये बोटभर लांब काटा.

"पंप?" इव्होने विचारलं.

"तुला दिलाय ना संस्थेने?"

"मला वाटलं, तुला दिलाय."

"मग संपलं," रेमो म्हणाला. "आता उचलून खाली न्यायचं. मम्मा, पुढच्या वर्षी बघू."

सासूबाई धारेच्या टोकाकडे बघत होत्या. झाडांतून शेवटच्या किल्ल्याची, सांत आलेस्सांद्रोची भिंत दिसत होती.

"पुढच्या वर्षी कोण असेल, कोण नसेल," त्या म्हणाल्या. "पट्टा सोड. मी चालते."

"मम्मा, वेडेपणा करू नकोस."

"फिओरेंझा, तू सोड पट्टा. यांना मी बोलतेय ते ऐकू येत नाही."

मी पट्टा सोडला. त्यांनी डावा पाय जमिनीवर रोवला, उजवा पाय डाव्या हाताने उचलून शेजारी ठेवला, आणि दोन्ही मुलांकडे बघून तोच हात पुढे केला. घोड्याला हाक मारावी तशी जीभ टाळ्याला लावून टकटक आवाज काढला. मुलं आली. एकाने एक दंड धरला, दुसऱ्याने दुसरा. आणि त्या उभ्या राहिल्या.

व्यायामाच्या बाईंकडे जाऊन त्या नुसत्या बसून येतात असं आम्हाला वाटायचं. त्या दिवशी कळलं, की तिथल्या मागच्या जिन्यावर त्या सगळा हिवाळा चढ-उतर करत होत्या आणि बाईंना दम देऊन ठेवला होता, की माझ्या घरी सांगायचं नाही.

धडधाकट माणसाने एक गाणं म्हणत संपवावं इतकं ते अंतर. डावा पाय टाकायचा, थांबायचं, उजवा कमरेतून ओढून पुढे आणायचा, थांबायचं. बुटाच्या टोकाने मातीत रेघ उमटायची. मी मोकळी खुर्ची ढकलत मागून चालले होते आणि त्या रेघेवर पाय पडू नये म्हणून कडेने चालत होते. का, ते मलाही सांगता येणार नाही.

समोरून एक तरुण जोडपं सायकली हातात धरून येत होतं. त्यांनी आम्हाला बघून वाट सोडली. मुलगी सायकल आडवी टाकून टाळ्या वाजवायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "तिला सांग, टाळ्या नको, पंप आहे का विचार." पंप होता, ठिगळ लावायचं सामानही होतं. मी आणि ते जोडपं तिथेच चाक उघडून बसलो. पण कान पुढेच होते माझे, कारण दहा-पंधरा पावलांवर पुढे आवाज चढले होते.

त्याचं असं झालं. तिघं असं दंडाला दंड लावून चालताना रेमो म्हणाला, "तू फार ओढतोयस." इव्हो म्हणाला, "तू सोडतोयस." आणि सोडणं हा शब्द निघाल्यावर मग बाकीचं सगळं निघालं.

"दोर मी सोडला नव्हता! तू सुकाणू उशिरा फिरवलंस!"

"तू दोर सोडलास म्हणून फिरवता आलं नाही!"

"मी ओरडत होतो, आत्ता, आत्ता!"

"मला काय ऐकू येणार, शीड फडफडत होतं तुझं!"

सहा वर्षं पोटात ठेवलेलं भांडण आईच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं, आणि आई मध्ये, डावा पाय, थांब, उजवा पाय, थांब. दोघांपैकी एकानेही तिचा दंड सोडला नाही. मग त्या थांबल्या.

"दमले म्हणून थांबले असं समजू नका," त्या म्हणाल्या. "झालं तुमचं? मी बघत होते."

"काय बघत होतीस?"

"तुमची शर्यत. इथूनच. तुमच्या बाबांची दुर्बीण घेऊन आले होते." त्यांनी हनुवटीने खाली पाण्याकडे दाखवलं. "इव्हो, तू उशीर केलास. रेमो, तू दोर सोडलास. दोन्ही खरं. पण त्याच्याआधी कड्याच्या बाजूने वाऱ्याचा एक झोत आला. वरून दिसतं, पाणी काळं होत येतं. बोटीतून नाही दिसत. तो कुणालाच सावरता आला नसता. तुमच्या मागची निळ्या शिडाची बोटही तिथेच उलटली."

"कुठली निळी?" रेमोने विचारलं.

"तुम्हाला कशी दिसेल! तुम्ही पाण्यात गटांगळ्या खात एकमेकांना शिव्या देत होतात. पोहायला शिकवलं, त्याचा एवढाच उपयोग केलात."

रेमोने खाली पाण्याकडे पाहिलं. मग इव्हो हळू आवाजात म्हणाला, "मम्मा, मग सांगितलं का नाहीस?"

"आधी वाटलं, दोन दिवसांत येतील ताळ्यावर. मग राग आला, म्हटलं, बसा असेच. आणि सांगायचं ठरवलं तेव्हा वाचा गेली होती माझी. परत आली, तर तुम्ही दोघं एकत्र सापडेनात." त्या पाण्याकडेच बघत होत्या. "हॉस्पिटलात तेवढं एक वाक्य जुळवायचे मी. इव्हो, रेमो, वारा. पहिली दोन यायची. वारा हा शब्द काही सापडायचा नाही."

माझ्या हातातली ठिगळ चिकटवायच्या डिंकाची नळी तशीच राहिली. मला ते दिवस आठवले. खाटेवर त्या "इव्हो, रेमो" म्हणत राहायच्या, तळमळायच्या, आणि आम्हाला वाटायचं, मुलांना बोलावताहेत. जो हजर असेल त्याला पुढे करायचो. त्या मान हलवायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, आणि आम्ही म्हणायचो, बघा, मुलाला बघून भरून आलं.

रेमोने मोकळ्या हाताच्या बाहीने नाक पुसलं. इव्हो त्याच्याकडे न बघता म्हणाला, "पोत्याचं मी बोलायला नको होतं."

"नव्हतंच बोलायचं," रेमो म्हणाला. मग आईचा दंड सावरत, "बाबांचं मीही."

"चला," सासूबाई म्हणाल्या, "माझे पाय काही तुमच्या बापाचे नोकर नाहीत, असे उभे करून ठेवायला."

सांत आलेस्सांद्रोच्या भिंतीपाशी त्या पोचल्या तेव्हा विओला आणि तीतो आधीच तिथे दगडावर चढून बसले होते. सासूबाईंनी उजवा हात, तो लुळा, डाव्या हाताने उचलून किल्ल्याच्या दगडावर ठेवला. ऊन लागून तो दगड गरम झाला होता. "लागतंय," त्या म्हणाल्या. "गरम लागतंय." एवढंच.

तिथून तलाव मागे राहतो आणि समोर सगळं खोरं दिसतं. सार्का नदी, द्राक्षांचे मांडव, आर्कोचा सुळका आणि त्याच्या माथ्यावरचा किल्ला, मागे बर्फाची टोकं. आम्ही गवतावर कापड पसरलं. मुरवलेल्या मांसाच्या पातळ चकत्या, उकडलेली अंडी, पाव, ऑलिव्हचं तेल, ईस्टरचा कबुतराच्या आकाराचा केक. सायकलवालं जोडपंही बसलं. अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं फुटेल तो हरला, या ईस्टरच्या खेळात तीतोने सगळ्यांना हरवलं आणि नंतर कळलं, त्याच्या हातात किल्ल्यातून उचललेला पांढरा गोटा होता. "हा अगदी इव्होकाकावर गेलाय," रेमो म्हणाला. इव्हो खो खो हसला आणि वाइनचा पेला त्याच्याकडे सरकवला. तेवढ्यात दुपारचा दक्षिणेचा वारा, आमचा ओरा, सुटला आणि झाडांची पानं एकदम पालथी झाली. दोघं भाऊ एकदमच उठले आणि झाडांमधून तलाव दिसतो त्या जागी जाऊन उभे राहिले. कुठली बोट कशी चाललीय यावर लगेच वाद सुरू झाला. सासूबाईंनी केकचा तुकडा वाइनमध्ये बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला.

उतरताना बागांमधल्या रस्त्याने आलो. आता रेमो पुढे आणि इव्हो मागे. चाक नीट फिरत होतं, आणि मुलं आळीपाळीने आजीच्या मांडीवर.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि बसल्याबसल्या झोपी गेल्या. दोघं भाऊ खाली चाकाची खुर्ची धूत होते, त्यांचे आवाज वर येत होते. मी गुडघ्यावर बसून सासूबाईंच्या बुटांच्या लाल नाड्या सोडल्या. डाव्या पायाचा मोजा निघेना. ओला करून सोडवला. टाचेवरची कातडी सगळी गेली होती, फोड फुटून मोजा रक्ताने चिकटला होता. सगळा भार त्याच पायावर होता, आणि हा पाय लुळा नव्हता. त्याला सगळं कळत होतं. पहिल्या पन्नास पावलांतच कळलं असणार.

मी कोमट पाणी आणलं. पाय पाण्यात ठेवला तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

"दोघांना सांगू नकोस."

"नाही सांगत."

"नाहीतर परत उचलून न्यायला लागतील मला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा झोपल्या.

मी बराच वेळ तो पाय हातात धरून बसले होते. छोटासा पाय, अंगठा वाकडा, घोट्यावर कधीतरी खडक लागल्याची जुनी खूण. पाणी गार व्हायला लागलं तेव्हा उठून टॉवेल आणला.